यीस्टमध्ये प्रथिनांच्या जोड्या शोधताना गट किती मोठे करावेत?

ठाण्याहून रोज ट्रान्स-हार्बरने नवी मुंबईतल्या लॅबमध्ये येणाऱ्या, पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझ्याकडे ४० बेट क्लोन आहेत आणि ९६ वेलच्या (खळग्यांच्या) दहा प्लेट्समध्ये ९६० प्रे क्लोन आहेत (बेट आणि प्रे म्हणजे जोडीच्या दोन बाजूंची प्रथिनं असलेलं यीस्ट). एकेक जोडी तपासायची म्हटलं तर ४०० अगार प्लेट्स लागतात, तेही एकदाच तपासून. गाइड म्हणतात, प्रे एकत्र करून तपासा. गट किती मोठा करू? आणि गट उगवला तर त्यातला नेमका कोण उगवला हे कसं ओळखू?"

आधी उत्तर देते, मग कारणं. ३१-३१ क्लोनचे १८६ गट करा, पुढे सांगितलेल्या पद्धतीने. दर बेटमागे दोन प्लेट्स लागतील, एकूण ८०, आणि प्रत्येक जोडी सहा वेगवेगळ्या गटांत तपासली जाईल. पण गट भरायला बसण्याआधी ओळखीच्या जोड्यांवर एक चाचणी घ्या. ती जमली नाही तर ३१ चा हट्ट सोडा आणि १०-१० चे गट करा.

लॅबबाहेरचे वाचकही असतील म्हणून दोन ओळी मूळ पद्धतीबद्दल. यीस्ट टू-हायब्रिड ही पद्धत स्टॅन्ली फील्ड्स आणि ओक-क्यू साँग यांनी १९८९ मध्ये मांडली. गॅल४ नावाच्या प्रथिनाचे दोन भाग असतात. एक डीएनएला धरून बसतो, दुसरा जनुक चालू करतो. हे दोन भाग वेगळे केले की काम थांबतं. मग एका भागाला आपलं एक प्रथिन जोडायचं, दुसऱ्या भागाला दुसरं. ही दोन प्रथिनं एकमेकांना चिकटली तर गॅल४चे भाग पुन्हा जवळ येतात, हिस्टिडीन बनवणारं जनुक चालू होतं आणि हिस्टिडीन नसलेल्या अगारवर यीस्ट वाढतं. पहिल्याला आम्ही बेट म्हणतो, दुसऱ्याला प्रे. समुद्रातलं बेट आणि हे बेट यांत गोंधळ नको, म्हणून इथे मी 'आमिष' आणि 'सावज' असे आपले शब्द वापरते. आमिष एका लिंगाच्या यीस्टमध्ये ठेवायचं, सावज दुसऱ्या लिंगाच्या. दोन्ही एका ठिपक्यात मिसळली की त्यांचं मीलन होतं आणि जोडी एकाच पेशीत येते.

यीस्टची जनुकं साधारण ६,००० धरली तर सगळ्यांची सगळ्यांशी गाठ घालायला ३ कोटी ६० लाख ठिपके लागतील. म्हणून अगदी सुरुवातीपासून लोकांनी गट केले. २००० साली पीटर उएत्झ आणि सहकाऱ्यांनी ९५७ जोड्या जाहीर केल्या. २००१ मध्ये जपानच्या ताकाशी इतो यांच्या गटाने आमिषांचेही ९६-९६ चे ६२ गट केले आणि सावजांचेही ६२, म्हणजे ३,८४४ मीलनांत काम आटोपलं. वाढलेल्या वसाहतींमधले दोन्ही तुकडे सीक्वेन्स करून त्यांना ४,५४९ जोड्या मिळाल्या. पण तीन किंवा अधिक वेळा सापडलेल्या जोड्या होत्या फक्त ८४१, आणि त्यांनी स्वतःच त्यांना गाभा मानलं. या दोन नकाशांमध्ये सामाईक जोड्या फार थोड्या निघाल्या. तेव्हा बरीच टीका झाली. माझ्या मते त्या टीकेतून घ्यायचा धडा एकच होता: एखादी जोडी किती वेळा, स्वतंत्रपणे दिसली हे माहीत असल्याशिवाय तिच्यावर बोट ठेवू नये. म्हणून मी कुठलीही गटरचना पाहते तेव्हा किती प्लेट्स वाचल्या हे नंतर बघते. एका प्लेटमागे एका जोडीला किती फेऱ्या मिळाल्या, हे आधी बघते.

या नजरेने तुमच्यासमोरचे पर्याय बघा.

सगळ्यात जुना मार्ग रॉबर्ट डॉर्फमन यांचा, १९४३ चा. अमेरिकी सैन्यात भरती होणाऱ्यांची सिफिलिससाठी रक्ततपासणी करायची होती. त्यांनी सुचवलं की अनेकांचं रक्त एकत्र तपासा, गट निगेटिव्ह आला तर सगळे सुटले, पॉझिटिव्ह आला तरच एकेक तपासा. आपल्याकडे २०२० मध्ये आयसीएमआरने कोविडसाठी पाच-पाच नमुन्यांच्या गटाची परवानगी दिली ती याच विचाराने, आणि जिथे लागण फार आहे तिथे हे करू नका असंही सांगितलं. कारण उघड आहे: बहुतेक गट पॉझिटिव्ह येऊ लागले की बचत संपते. आपल्या कामात 'लागण' अगदी कमी असते. एका आमिषाचे ९६० सावजांत दोन-चार जोडीदार निघाले तरी आनंद. त्यामुळे १०-१० चे ९६ गट केले तर दर आमिषाला नेमकी एक प्लेट पुरते. तीन गट उगवले तर दुसऱ्या फेरीत ३० ठिपके. चाळीस आमिषांचे मिळून ४० अधिक १३, म्हणजे ५३ प्लेट्स. सगळ्यात स्वस्त. पण पहिल्या फेरीत प्रत्येक जोडीला एकच संधी मिळते. तो ठिपका ओलाव्याने पसरला, मीलन नीट झालं नाही, तर ती जोडी कायमची गेली आणि गेल्याचं तुम्हाला कळणारही नाही.

दुसरा मार्ग ओळी आणि स्तंभांचा. ९६ वेलच्या प्लेटमधल्या आठ ओळींचे आठ गट आणि बारा स्तंभांचे बारा, म्हणजे प्लेटमागे २० आणि दहा प्लेट्सचे २००. प्रत्येक सावज दोन गटांत. मल्टिचॅनल पिपेट हातात असेल तर एका दुपारी गट तयार होतात, ही याची मोठी सोय. अडचण दोन जोडीदार एकाच प्लेटमध्ये आले की सुरू होते. दुसरी ओळ व तिसरा स्तंभ, आणि चौथी ओळ व पहिला स्तंभ असे दोन खरे जोडीदार आहेत असं समजा. उगवतील ओळी २ आणि ४, स्तंभ १ आणि ३. आता उमेदवार चार: (२,३), (४,१), पण (२,१) आणि (४,३) सुद्धा. शेवटचे दोन भुतं. त्यांना वेगळं काढायला पुन्हा एकेक तपासणं आलं.

तिसरा मार्ग म्हणजे याच चौकटीत तिरप्या रेषा काढणं. ५ बाय ५ ची चौकट घ्या, ओळ आणि स्तंभ यांची बेरीज करा, ५ ने भागा आणि बाकी हा तिसऱ्या थरातला गट समजा (ओळींचे गट हा पहिला थर, स्तंभांचे गट हा दुसरा). (२,३) ची बाकी ०, (४,१) ची पण ०. भुतांची? (२,१) ची ३ आणि (४,३) ची २. तिसऱ्या थरात फक्त ० क्रमांकाचा गट उगवेल, ३ आणि २ कोरे राहतील, आणि भुतं पकडली जातील. कल्पना एवढीच आहे. तिला नीट गणिती रूप देऊन निकोला तिएरी-मिएग यांनी २००६ मध्ये 'शिफ्टेड ट्रान्सव्हर्सल डिझाइन' नावाने मांडलं आणि २००९ मध्ये ती यीस्ट टू-हायब्रिडवर वापरून दाखवली गेली. कोविडच्या काळात आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी 'टॅपेस्ट्री' नावाची जी चाचणी पद्धत काढली, तिच्याही मुळाशी हाच विचार होता: प्रत्येक नमुना ठरावीक गटांत विखरायचा, आणि एकाच फेरीत नाव ओळखायचं.

तुमच्या ९६० सावजांना ही रचना जणू मापून शिवलेली आहे. ३१ चा वर्ग ९६१. म्हणजे एक जागा उरते, तिथे रिकामं प्लाझ्मिड (यीस्टमध्ये जनुक वाहून नेणारं डीएनएचं वर्तुळ, पण त्यात सावज नसलेलं) असलेलं यीस्ट ठेवा. सावजांना ० ते ९५९ क्रमांक द्या आणि त्या रिकाम्या यीस्टला ९६०. क्रमांकाला ३१ ने भागा. भागाकार अ, बाकी ब. शून्याव्या थरात त्याचा गट अ. पहिल्या थरात अ+ब, दुसऱ्यात अ+२ब, असं पाचव्या थरात अ+५ब पर्यंत. बेरीज ३१ किंवा वर गेली की ३१ ने भागून बाकी घ्यायची. उदाहरणार्थ सावज क्रमांक ५००: अ १६, ब ४. त्याचे सहा गट १६, २०, २४, २८, १, ५. सावज ६२३: अ २०, ब ३. त्याचे गट २०, २३, २६, २९, १, ४. दोघांची गाठ फक्त चौथ्या थरात, गट १ मध्ये पडते. कुठलीही दोन सावजं घ्या, सहा थरांत ती जास्तीत जास्त एकदाच एकत्र येतात.

३१ च का, ३० का नाही, असं विचारलं जातं. ३१ ही मूळ संख्या आहे. ३० ला २, ३, ५ ने भाग जातो, म्हणून काही जोड्या दोन-तीन थरांत पुन्हा पुन्हा एकत्र येतात आणि एकमेकींची भुतं बनतात. ही गोष्ट स्प्रेडशीटमध्ये स्वतः करून बघा, पाच मिनिटांत पटेल.

आता हिशेब. सहा थर, प्रत्येकी ३१ गट, एकूण १८६. एका आमिषाला दोन प्लेट्स, म्हणजे १९२ ठिपके. ओळी-स्तंभांच्या पद्धतीत २०० ठिपक्यांत एका जोडीला दोन फेऱ्या मिळत होत्या, इथे त्याहून कमी ठिपक्यांत सहा मिळतात. तीन खरे जोडीदार असतील आणि एका ठिपक्याची चूक झाली, तरी उत्तर अचूक निघेल याची ही रचना हमी देते.

हमीच्या पलीकडे काय होतं तेही समजून घ्या, कारण प्रत्यक्षात आमिषं हमीप्रमाणे वागत नाहीत. तीन जोडीदारांमुळे दर थरात ३१ पैकी तीन गट उगवले आहेत असं धरा. मग एखाद्या निर्दोष सावजाची प्रत्येक जोडीदाराशी गाठ जास्तीत जास्त एकदाच पडते, म्हणून ते सहापैकी तीनपेक्षा जास्त उगवलेल्या गटांत सापडूच शकत नाही. म्हणजे सहापैकी पाच ही रेषा निर्धास्तपणे ठेवा. सहापैकी चार केली तरी, ठिपके खोटे उगवले नाहीत तर, भूत येणार नाही. पण आमिषाला बारा जोडीदार असतील तर दर थरात दहाच्या आसपास गट उगवतात, आणि सहापैकी पाचच्या रेषेवरही भुतं येऊन बसतात. अशा आमिषासाठी गटांच्या आधारे नावं जाहीर करू नका. गुणांनुसार उतरती यादी लावा आणि वरची तीस-चाळीस सावजं एकेक तपासा. तेवढी तपासणी कुणालाही झेपते.

इथपर्यंत सगळं गणित. माझे सगळ्यात जास्त महिने वाया गेले ते मात्र यीस्टमुळे, म्हणून पुढचा भाग सावकाश वाचा.

वाशीच्या एपीएमसीत एप्रिल-मे महिन्यात गेलात तर मुरलेले व्यापारी हापूसची पेटी न उघडता नाकाजवळ नेऊन सांगतात की आत एखादं फळ सडलंय. पेटीत ते जमतं. तोच एक आंबा भरलेल्या ट्रकमध्ये असेल तर कुणाच्या नाकाला कळायचं नाही. गटाचं तसंच आहे. समजा एका ठिपक्यात सावजांच्या एक लाख पेशी पडल्या. ३१ च्या गटात प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ३,२०० येतात. मीलनाचं प्रमाण ५ टक्के धरलं तर प्रत्येक सावजाच्या १६० जोडपेशी. हे पुरेसं आहे. हजाराचा गट केला तर प्रत्येकाच्या वाट्याला शंभर पेशी आणि पाच जोडपेशी, आणि मग कोण उगवतो हे नशिबावर. म्हणून गटाची कमाल मर्यादा सूत्र ठरवत नाही, तुमच्या हातातलं मीलनाचं प्रमाण ठरवतं. ते आधी मोजा: मीलनानंतर तेच मिश्रण ल्युसीन व ट्रिप्टोफॅन दोन्ही नसलेल्या माध्यमावर (तिथे फक्त जोडपेशी वाढतात) आणि फक्त एक नसलेल्या माध्यमावर पातळ करून पसरवा, वसाहती मोजा.

आणि मग ती चाचणी, जिचा सुरुवातीला उल्लेख केला. ज्यांचं चिकटणं आधीच सिद्ध आहे अशा आठ-दहा जोड्या घ्या, त्यांत दोन-तीन दुबळ्या मुद्दाम असू द्या. प्रत्येकीचं सावज एकटं, नऊ निष्पाप सावजांबरोबर, आणि तीस निष्पाप सावजांबरोबर असं तीन प्रकारे तपासा. एकटं असताना उगवणाऱ्या जोड्यांपैकी एकही ३१ मध्ये हरवली नाही तर पुढे जा. एखादी दुबळी जोडी हरवली तरी मी जाईन, कारण सहा संधी आहेत. अर्ध्या हरवल्या तर जाणार नाही.

गट कसा भरता हेही तितकंच महत्त्वाचं. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी गट एकदा तयार करून ठेवले आणि दर वेळी त्यातूनच नवं कल्चर वाढवत गेले. तिसऱ्या-चौथ्या वाढीनंतर एक पक्की माहीत असलेली जोडी दिसेनाशी झाली. महिनाभर मी माध्यमाला दोष देत होते. शेवटी गटातल्या वसाहतींचं पीसीआर केलं तेव्हा कळलं की हळू वाढणारी चार सावजं त्या गटातून जवळजवळ नाहीशी झाली होती. जलद वाढणाऱ्यांनी त्यांची जागा खाल्ली होती. तेव्हापासून नियम केला: प्रत्येक सावज स्वतंत्र वेलमध्ये पूर्ण वाढवायचं, समान आकारमानात मिसळायचं, २० टक्के ग्लिसरॉल घालून गटाचे छोटे भाग उणे ८० अंशांवर ठेवायचे, आणि एक भाग एकदाच वापरायचा. गट पुन्हा वाढवायचा नाही.

यासाठी ९६० गुणिले ६, म्हणजे ५,७६० वेळा पिपेट चालवावं लागेल. रोबो असेल तर उत्तम. नसेल तर दोघांनी मिळून रोज हजार केले तर सहा दिवस. छापील यादी समोर ठेवा, एकाने क्रमांक वाचायचा, दुसऱ्याने भरायचं, आणि दर तासाला जागा बदलायच्या. सहा दिवस ऐकून छाती दडपते, मला कल्पना आहे. पण हे गट चाळीसही आमिषांना पुरतील, आणि तुमच्यानंतर येणाऱ्या विद्यार्थ्यांनाही. ते करायला मनुष्यबळ नसेल तर १०-१० चे गट दोन वेगवेगळ्या प्रकारे पाडा, दोन्ही प्लेट्सवर उगवलेल्या गटांचा छेद घ्या. ८० प्लेट्समध्ये दोन फेऱ्या मिळतील, आणि ते काम लहान लॅबला साजेसं आहे.

गट भरण्याआधी साफसफाई करायलाच हवी. काही आमिषं सावज नसतानाही जनुक चालू करतात, विशेषतः ट्रान्स्क्रिप्शनशी (जनुक चालू होऊन वाचलं जाण्याशी) संबंधित प्रथिनं. प्रत्येक आमिष रिकाम्या सावज-प्लाझ्मिडबरोबर तपासा आणि थ्री-एटीची (हिस्टिडीन बनवणाऱ्या एन्झाइमला अडवणाऱ्या रसायनाची) मात्रा १ मिलिमोलरपासून वाढवत न्या, पार्श्वभूमीची वाढ थांबेल तिथे थांबा. खूप जास्त मात्रा लागत असेल तर ते आमिष बाजूला काढा किंवा त्याचा तुकडा करून वापरा. सावजांचंही तसंच: सगळी ९६० रिकाम्या आमिष-प्लाझ्मिडबरोबर एकदा तपासा, त्याला दहाच प्लेट्स लागतात. इथे आळस केला तर फार महाग पडतं, कारण आपोआप उगवणारं एक सावज सहा गट कायमचे पेटवून ठेवतं. अशी पाच राहिली तर १८६ पैकी तीसएक गट प्रत्येक आमिषासाठी निकामी. अशा सावजांची जागा रिकामी ठेवा, क्रमांक मात्र बदलू नका.

निकाल वाचताना फक्त 'हो' आणि 'नाही' लिहू नका. वाढीला ० ते ३ गुण द्या, आणि गुण देणाऱ्याला कुठला गट आहे हे माहीत नसू द्या. तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या दिवशी फोटो काढा. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेत इतका ओलावा असतो की ताज्या अगारवर ठिपके एकमेकांत मिसळतात आणि शेजारचा गट खोटा उगवतो. प्लेट्स ओतल्यावर दोन दिवस बाहेर ठेवा, मग वापरण्याआधी लॅमिनार हूडमध्ये झाकण काढून वाळवा. पावसाळ्यात बुरशीही फार, त्यामुळे जमलं तर मुख्य तपासणी ऑक्टोबरनंतर ठेवा आणि पावसाळा गट भरण्यात घालवा.

गटांनी दिलेलं नाव म्हणजे फक्त उमेदवारी. ते सावज मूळ साठ्यातून, गटातून नव्हे, पुन्हा काढा, आमिषाशी एकट्याने मीलन करा, आणि त्याचं सीक्वेन्सिंग करून वेलमध्ये तुम्हाला वाटतं तेच आहे याची खात्री करा. जुन्या साठ्यांमध्ये शेजारच्या वेलची सरमिसळ नेहमी सापडते. सावज-प्लाझ्मिडवर सायक्लोहेक्झिमाइडची संवेदनशीलता देणारं जनुक असेल तर त्या प्लेटवरही ठिपका द्या: तिथे सावज निघून जातं, आणि तरीही हिस्टिडीनशिवाय वाढ दिसली तर आमिषच मध्येच बदलून स्वतः चालू झालेलं आहे. सहापैकी सहा गुण मिळवलेल्या दोन सुंदर जोड्या मला या एका प्लेटमुळे टाकून द्याव्या लागल्या आहेत. वाईट वाटलं, पण त्या छापल्या असत्या तर अजून वाईट झालं असतं.

उलट बाजूही लक्षात असू द्या. पुस्तकांतून पक्क्या माहीत असलेल्या जोड्या घेऊन पाहिलं तर या प्रकारची कोणतीही एक चाचणी त्यातल्या साधारण पाव ते तिसऱ्या हिश्श्यालाच पकडते. पेशीच्या पडद्यात रुतलेली प्रथिनं, यीस्टच्या केंद्रकात नीट न घडणारी, तिसऱ्या साथीदाराशिवाय न चिकटणारी, सगळी सुटतात. गटात दिसली नाही म्हणून जोडी नाही असं प्रबंधात लिहू नका. महत्त्वाच्या प्रथिनांसाठी आमिष आणि सावज यांची अदलाबदल करून पाहा. एका दिशेने मुकी असलेली जोडी दुसऱ्या दिशेने बोलते, असं अनेकदा होतं.

आता त्या उरलेल्या सहा ठिपक्यांचं. दोन प्लेट्सचे १९२ ठिपके, गट १८६. प्रत्येक प्लेटवर तीन मोकळे ठिपके राहतील असं वाटून घ्या. एकावर तुमची ठरलेली दुबळी पण खरी जोडी तीस निष्पाप सावजांत मिसळून, एकावर तीच जोडी एकटी, आणि एकावर रिकामं प्लाझ्मिड. पहिला ठिपका कोरा आणि दुसरा उगवलेला दिसला, तर त्या दिवशीची अख्खी प्लेट बाद धरा आणि त्या आमिषाचं मीलन पुन्हा लावा.